डॅपोलचं ‘इव्हनिंग स्टार’ किट: हिरवं नको, मळलेलं काळं करा

डॅपोलचं ‘इव्हनिंग स्टार’ हे १:७६ मापाचं प्लास्टिकचं किट आहे. ब्रिटिश रेल्वेच्या ९एफ वर्गातलं २-१०-० चाकरचनेचं (पुढे दोन लहान चाकं, मग दहा मोठी, मागे एकही नाही) इंजिन आणि टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागचा डबा, मिळून तयार मॉडेल साधारण २६५ मिमी लांब होतं. मोटर नाही, ग्लू नाही, रंग नाही. रुळावर ठेवून बघायचं, चालवायचं नाही. हॉर्नबी आणि बाकमन यांची तयार, मोटरवाली ९एफ मिळतात, पण त्यांची किंमत या किटच्या कित्येक पट आहे. ज्याला चालतं इंजिन हवं त्याने तिकडेच जावं. ज्याला वाफेचं इंजिन हाताने जोडायला, रंगवायला आणि मुख्य म्हणजे खरं वाटेल असं मळवायला शिकायचं आहे, त्याच्यासाठी या किमतीत यापेक्षा चांगलं काही सुचवता येत नाही.

साचे जुने आहेत. रोझबड किटमास्टर या इंग्लिश कंपनीने ते बनवले, १९६२ मध्ये ते एअरफिक्सकडे गेले आणि १९८०च्या दशकात डॅपोलकडे आले. भागांच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटलेला दिसेल, जाड भागांवर खळगे दिसतील, काही पिना भोकांत सैल बसतील. आजच्या जपानी किटसारखं ‘टक’ करून काही बसत नाही. मात्र मूळ प्रमाण चांगलं पकडलेलं आहे. उंचावर बसवलेला बॉयलर, त्याखाली आरपार दिसणारी मोकळी जागा आणि जवळजवळ चिकटलेली दहा चाकं ही ९एफची ओळख या प्लास्टिकमधूनही नीट उतरते.

कोणता नंबर करायचा

खोक्यावर चित्र आहे ते हिरव्या ९२२२०चं. मार्च १९६० मध्ये स्विंडन कारखान्यातून बाहेर पडलेलं हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. म्हणूनच त्याला हिरवा रंग, नारिंगी-काळ्या रेघा, तांब्याची कड असलेलं धुराडं आणि नाव मिळालं. रॉबर्ट रिडल्स यांच्या देखरेखीखाली आखलेल्या या वर्गाची १९५४ ते १९६० दरम्यान २५१ इंजिनं झाली, १९८ क्रू इथे आणि ५३ स्विंडनला. एवढं एक सोडून बाकी सगळी साध्या काळ्या रंगात, बिनरेघांची.

पहिल्यांदा किट करणाऱ्याने हिरव्याच्या नादी लागू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. चकचकीत हिरव्या रंगाखाली प्रत्येक सांधा, प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. बॉयलरच्या प्रत्येक पट्टीवर नारिंगी-काळी-नारिंगी अशी रेघ सरळ बसवणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे, आणि चांगल्या रेघांचं शीट वेगळं विकत घ्यावं लागतं. काळ्या ९एफला हे काहीच लागत नाही. उलट साच्याच्या जुनाट खुणा काजळी आणि धुळीखाली सहज जिरतात.

त्यासाठी योग्य नंबर निवडा. ‘इव्हनिंग स्टार’सारखंच दुहेरी धुराडं आणि ५००० गॅलनचं बीआर१जी टेंडर असलेली इंजिनं म्हणजे ९२२०३ ते ९२२४९. यातला कुठलाही नंबर घेतला तर किटमध्ये मोठा फरक करावा लागत नाही. ९२२५० टाळा, त्याला गीझल पद्धतीचं अरुंद, लांबट धुराडं लावलं होतं. एकूण नऊ ९एफ आज जतन केलेली आहेत आणि ९२१३४ वगळता सगळी याच मालिकेतली आहेत, त्यामुळे रचना पाहायला रंगीत फोटो भरपूर मिळतात. त्या फोटोंवरून पाइप, झडपा, पायऱ्या पाहा, पण रंग आणि मळ पाहू नका. जतन केलेलं इंजिन रोज पुसलं जातं आणि काहींना नावं आणि रंग नंतर दिलेले आहेत. मळ पाहायचा तर १९६३ ते १९६८ मधले कामाच्या इंजिनांचे फोटो शोधा.

हिरवंच करायचं असेल तर निदान १९६२च्या उन्हाळ्यातलं करा. तेव्हा ९२२२० सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गावर धावत होतं आणि ८ सप्टेंबर १९६२ रोजी त्या मार्गावरची शेवटची ‘पाइन्स एक्सप्रेस’ त्याने ओढली. त्या काळातलं स्वच्छ पण वापरातलं हिरवं इंजिन प्रदर्शनातल्या हिरव्यापेक्षा रंगवायलाही सोपं जातं.

जोडणी

भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या प्लास्टिकच्या फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलाचा थर राहिला तर रंग नंतर सोलून निघतो. भाग पिळून तोडू नका, साइड कटरने थोडं लांबून कापा आणि उरलेला खुंट पात्याने सपाट करा. पापुद्रा काढायला ११ नंबरच्या पात्याची धार नाही, पाठ वापरा. धारेने प्लास्टिक खोदलं जातं, पाठीने खरवडलं जातं.

ग्लू म्हणून टामियाचं हिरव्या झाकणाचं पातळ सिमेंट उत्तम. सांधा जुळवून धरायचा आणि ब्रशचं टोक फक्त टेकवायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. फेवीक्विक फक्त धातूच्या तारा बसवायला. प्लास्टिकच्या मोठ्या सांध्यावर ते ठिसूळ राहतं आणि आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतं.

खरी परीक्षा चाकांची आहे. मूळ चाकं पाच फुटांची, म्हणजे मॉडेलमध्ये २० मिमी. दोन आसांमधलं अंतर मूळ ५ फूट ५ इंच, म्हणजे सुमारे २१.७ मिमी. दोन चाकांच्या धावांमध्ये दीड-पावणेदोन मिमी फट उरते आणि फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उठावदार कड, मोजली तर त्याहूनही कमी. एकदा चाकं बसली की मध्ये ब्रश जात नाही. म्हणून चाकं प्लास्टिकच्या फ्रेमवरून कापण्याआधीच पुढून, मागून आणि आऱ्यांच्या आतून रंगवून घ्या, आणि चेसिसच्या बाजूंनाही आधीच रंग द्या. खऱ्या इंजिनाच्या मधल्या जोडीला फ्लँज नव्हती, नाहीतर एवढा लांब चाकतळ वळणात अडकला असता. चाकं लावण्याआधी तीही फोटोशी ताडून घ्या.

चेसिस सपाट काचेवर जोडा. एक जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर स्टीलची पट्टी टेकवा आणि चेसिसच्या दोन्ही बाजू तिला लावून चिकटवा. दहाही चाकं काचेला टेकली पाहिजेत. एखादं अधांतरी राहिलं तर सिमेंट ओलं असतानाच चेसिस हलकीशी पिळून दुरुस्त होते, वाळल्यावर नाही. टेंडरलाही हीच काच वापरा.

कनेक्टिंग रॉड अडकवायला पिनेचं टोक गरम पात्याने चपटं करायची पद्धत जुन्या किटांत होती. पात्याला उष्णता जास्त झाली तर पिन वितळून रॉडलाच चिकटते, कमी झाली तर टोक तुटतं. त्यापेक्षा प्लास्टिकची पिन कापून टाका, मध्यात ०.६ मिमी भोक पाडा आणि शिवणकामाची बारीक टाचणी कापून बसवा. टाचणीचं डोकं बाहेर दिसतं ते खऱ्या क्रँकपिनच्या टोपीसारखंच वाटतं. आत जाणाऱ्या टोकाला मागून फेवीक्विकचा एक ठिपका पुरतो.

इथे मॉडेल करणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर. एका बाजूच्या पाचही चाकांचे क्रँक, म्हणजे रॉड चाकाला जिथे जोडतो ती टोकं, एकाच कोनात हवेत, आणि डावी-उजवी बाजू एकमेकींपासून ९० अंश फिरलेली. दिसायला सगळ्यात छान स्थिती म्हणजे पाहायच्या बाजूचा क्रँक तळाशी. मग त्या बाजूचा क्रॉसहेड, म्हणजे पिस्टनच्या दांड्याला जोडलेला सरकता ठोकळा, आपल्या स्लाइडबारच्या (तो ज्यावर सरकतो त्या पट्टीच्या) साधारण मध्यावर आला पाहिजे, कारण पिस्टन त्या वेळी अर्ध्या वाटेवर असतो. पलीकडच्या बाजूला क्रँक पुढच्या किंवा मागच्या टोकाला असेल, तर क्रॉसहेडही स्लाइडबारच्या त्याच टोकाला हवा. अनेक मॉडेलांत दोन्ही क्रॉसहेड मध्यावर चिकटवलेले दिसतात. जाणकाराची नजर तिथेच थांबते. दुसरी खूण रिटर्न क्रँकची, म्हणजे मुख्य क्रँकपिनवर बसणाऱ्या, वाफेच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या दांडीची. मुख्य क्रँक तळाशी असताना रिटर्न क्रँकचं टोक पुढे, सिलिंडरच्या दिशेने झुकलेलं हवं. उलटं लावलं तर वाफेचं वेळापत्रकच उलटं होईल.

बॉयलर उभ्या दोन अर्धुकांत येतो. म्हणजे सांधा नेमका माथ्यावर, धुराडं, डोम आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या रेषेत, आणि पोटाखालीही. पोटाखालचा सांधा दिसणार नाही असं वाटेल, पण ९एफच्या बॉयलरखालून उजेड आरपार दिसतो, त्यामुळे तोही नीट करावा लागतो. दोन अर्धुकं जोडताना सिमेंट थोडं सढळ हाताने लावा आणि दाबा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सांध्यातून कडेने वर येतं. चोवीस तास हात लावू नका. मग उंचवटा पात्याने खरवडा आणि ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून क्रमाने फिरवा. कागद बोटावर नाही, बॉयलरच्या गोलाईला मिळत्या नळीच्या तुकड्यावर गुंडाळा, नाहीतर माथा सपाट होतो.

घासताना माथ्यावरच्या बॉयलर पट्ट्या झिजतात. त्या पुन्हा करायला एसीच्या डक्टला लावतात ती अॅल्युमिनियम टेप उपयोगी पडते. काचेवर चिकटवून स्टीलपट्टीने ०.७ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा आणि पूर्ण गोल फिरवा. टोकं बॉयलरच्या पोटाखाली येऊ द्या.

जाड कडा हे जुन्या किटचं सर्वांत ठळक लक्षण. खऱ्या धूर-पत्र्याची (बॉयलरच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना असलेल्या, धूर वर वळवणाऱ्या उभ्या पत्र्याची) जाडी या मापात कागदाइतकीच होते, प्लास्टिकमध्ये तेवढं पातळ ओतता येत नाही. अख्खा पत्रा पातळ करायची गरज नाही. आतल्या बाजूने कडेचे दोन मिमी तिरके खरवडा, म्हणजे बाहेरून फक्त पातळ कड दिसते. कॅबचं छप्पर, कॅबची खिडकी आणि टेंडरच्या वरच्या कडा यांनाही हेच करा. या एका कामाने मॉडेल जितकं सुधारतं तितकं महागड्या जादा भागांनीही सुधारत नाही. हँडरेलचंही तसंच. प्लास्टिकमध्ये ओतलेला हँडरेल या मापाला जाडच. तो खरवडून ०.५ मिमी ड्रिलने भोकं पाडा आणि ०.४५ मिमी पितळी तार बसवा. धुराड्याच्या तोंडाला आतून खोल कोरा, बंद धुराडं लगेच खेळण्यासारखं दिसतं.

रंग: तीन वेगळे काळे

सगळं जोडून मग रंगवू नका. चार तुकडे ठेवा: बॉयलर-कॅब, चेसिस-चाकं, टेंडरचा वरचा भाग, टेंडरची फ्रेम. करड्या प्राइमरचा पातळ थर द्या. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा स्प्रे प्राइमर वापरायचा असेल तर आधी किटच्या रिकाम्या फ्रेमवर मारून बघा, काही डबे प्लास्टिकची कातडी मऊ करतात. आणि एनसी थिनर या मॉडेलच्या जवळपासही आणू नका. ब्रश धुवायला ठीक, पण पॉलिस्टायरीनवर सांडलं तर भाग विरघळतो.

शुद्ध काळा कुठेच वापरू नका. लहान मॉडेलवर तो भोकासारखा दिसतो आणि त्यावर कुठलाही मळ उठत नाही. बॉयलर आणि कॅबसाठी टामिया एक्सएफ-१ चे ८ भाग आणि एक्सएफ-१० तपकिरीचा १ भाग. स्मोकबॉक्ससाठी (बॉयलरचं धुराड्याखालचं पुढचं टोक) एक्सएफ-६३ जर्मन ग्रेमध्ये निम्मा काळा, कारण तिथे आतून उष्णता लागून रंग जळतो आणि राखाडी पडतो. चेसिससाठी एक्सएफ-६९. हे तीन काळे शेजारी आले की रंगवण्याचं अर्धं काम झालं. बफर बीमला (बफर लावलेल्या आडव्या पट्टीला) एक्सएफ-७ लाल, त्यात तपकिरीचा एखादा थेंब.

एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा असेल तर रंग आणि थिनर एकास एक, दाब १५ ते १८ पीएसआय. एअरब्रश नसेल तर सपाट ८ मिमी ब्रशने पातळ तीन थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा. एनॅमल रंगांचे डबे ज्वलनशील असल्याने विमानाने मागवायला अडचण येते, म्हणून भारतात राहणाऱ्यांनी टामिया किंवा व्हॅलेहोच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगांवरच बेत आखावा.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, वार्निश पांढरट पडतं. उडालेला द्राव पृष्ठभाग थंड करतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. बाहेर पाऊस चालू असताना मॅट वार्निश मारूच नका. मारावंच लागलं तर एसी तासभर आधी चालू ठेवा, थर अगदी पातळ ठेवा आणि वार्निशमध्ये हळू उडणारं लेव्हलिंग थिनर वापरा. पांढरट पडलेलं वार्निश पुष्कळदा त्याच थिनरच्या हलक्या फवाऱ्याने पुन्हा स्वच्छ होतं.

नंबर मारायच्या जागेवर ग्लॉस वार्निशचा थर हवा. मॅट पृष्ठभागावर डेकलच्या, म्हणजे चिकटवायच्या छापील आकड्या-चिन्हांच्या, खाली हवा अडकते आणि कडा चांदीसारख्या चमकतात. कॅबवरचे आकडे मूळ ८ इंचांचे, म्हणजे इथे सुमारे २.७ मिमी. फॉक्स ट्रान्सफर्सकडे ब्रिटिश रेल्वेचे सुटे आकडे मिळतात, एचएमआरएसचीही (हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी) शीटं आहेत. टेंडरवरचं बोधचिन्ह १९५६ नंतरचं घ्या, मुकुटातून वर आलेला सिंह हातात चाक धरून असलेलं. डेकल वाळल्यावर सगळ्यावर सेमी-मॅट वार्निश.

मळ: प्रत्येक डागाला कारण हवं

या किटची खरी किंमत इथे वसूल होते. नवशिक्याचा पहिला मोह गंजाचा. तपकिरी रंग दिसला की तो सगळीकडे फासला जातो. पण रोज धावणारं इंजिन गंजत नाही, मळतं. चार गोष्टी त्याला मळवतात: काजळी, राख, पाण्यातले क्षार आणि तेल. चारींच्या जागा वेगळ्या, रंग वेगळे, चमकही वेगळी. डाग टाकण्याआधी हा कुठून आला याचं उत्तर देता आलं नाही, तर तो टाकू नका.

आधी सगळ्यावर एक वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. कॅम्लिनचे आर्टिस्ट ऑइल कलर पुरेसे आहेत. बर्न्ट अंबर दोन भाग, काळा एक भाग, आणि मिनरल टर्पेंटाइन इतकं की मिश्रण चहासारखं पातळ होईल. ते रिव्हेट, पट्ट्या आणि कोपऱ्यांत सोडा, वीस मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश वरून खाली ओढा. आडवं पुसायचं नाही, पाऊस आणि ओघळ खालीच येतात. खाली अॅक्रिलिक रंग आणि वार्निश असल्यामुळे टर्पेंटाइनने बुडाचा रंग निघत नाही. खाली एनॅमल असेल तर आठवडाभर थांबावं लागेल. ऑइल वॉश वाळायला दोन दिवस द्या.

मग क्षार. इंग्लंडमधल्या बऱ्याच भागांत पाणी जड असे. सेफ्टी व्हॉल्व्ह उसळले, वॉशआउट प्लग (बॉयलर धुवायच्या भोकाचं बूच) किंवा पाइपचा सांधा गळला की पाणी तापलेल्या पत्र्यावर ओघळून वाळतं आणि पांढरट रेघ मागे ठेवतं. या रेघा ९एफच्या रुंद फायरबॉक्सच्या (कोळसा जळतो त्या मागच्या भागाच्या) खांद्यावर, प्लगांच्या खाली शोभतात. एक्सएफ-५७ बफमध्ये थोडा पांढरा मिसळून ०००० ब्रशने प्लगपासून खाली बारीक रेघ ओढा आणि ओल्या ब्रशने कडा विरघळवा. रेघ सुरू होते तिथे दाट, खाली जाताना फिकट. प्रत्येक प्लग गळत नाही. एका बाजूला दोन-तीन रेघा पुरेशा, आणि दोन्ही बाजू सारख्या नकोत. शुद्ध पांढरा वापरला तर कबुतराने घाण केल्यासारखं दिसतं.

राख पुढच्या बाजूला. इंजिन शेडमध्ये स्मोकबॉक्सचं दार उघडून साठलेली राख फावड्याने काढतात, ती पुढच्या तक्त्यावर आणि बफर बीमवर सांडते. फिकट करडी सॉफ्ट पेस्टल खडू वॉटर पेपरवर घासून पूड करा, त्यात थोडी बफ पूड मिसळा आणि स्मोकबॉक्सच्या दाराखाली, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत बसवा.

काजळी वरून बसते. धुराड्यामागे बॉयलरचा माथा, डोमची पुढची बाजू, कॅबचं छप्पर. इथे एक्सएफ-१ अगदी पातळ, थिनर तीन भाग, दाब १० ते १२ पीएसआय, मध्यरेषेवरून फवारा. दोन्ही कडांना तो आपोआप विरतो. एअरब्रश नसेल तर काळी पेस्टल पूड मऊ ब्रशने, आणि वर दुरून मॅट वार्निश.

खालचा भाग वेगळ्याच जगातला. ब्रेकचे ओतीव लोखंडी ठोकळे चाकांवर घासून लोखंडाची पूड उडते, ती तेलात मिसळून तपकिरी-करडी साय बनते. एक्सएफ-१० आणि एक्सएफ-६३ सम प्रमाणात, त्यात चिमूटभर एक्सएफ-६४, पातळ करून चेसिसच्या खालच्या निम्म्या भागावर, खालून वर तिरका फवारा. फवारताना चाकं फिरत असली तर आऱ्यांच्या मागे सावली राहत नाही. चाकं न फिरणारी असतील तर दोन-तीन कोनांतून मारा. टेंडरच्या फ्रेमलाही हेच, कारण मळ इंजिनाजवळ थांबत नाही. इंजिन घाण आणि टेंडर नवंकोरं अशी मॉडेलं बरीच दिसतात.

आता तेल, आणि इथेच मॉडेल जिवंत होतं. चालू इंजिनाच्या रॉडवर गंज नसतो. ड्रायव्हर प्रत्येक फेरीआधी तिथे तेल घालतो. रॉड स्टीलच्या रंगात, एक्सएफ-५६ चालेल, त्यावर बर्न्ट अंबर आणि काळ्याचा वॉश, आणि अगदी शेवटी सांध्यांच्या टोकांना टामिया एक्स-२२ क्लिअर ग्लॉसमध्ये तपकिरीचा एक थेंब घालून बारीक ओला ठिपका. तीच चमक अॅक्सलबॉक्सखाली, क्रँकपिनभोवती आणि स्लाइडबारवर. बाकी सगळं मॅट असल्यामुळे हे ओले ठिपके दुरूनही दिसतात. स्लाइडबारची घासली जाणारी धार ६बी पेन्सिलने रगडा, धातू उघडा पडल्यासारखा दिसतो. कॅबच्या दारालगतचा हँडरेल आणि पायरीची कड यांनाही तीच पेन्सिल, रोज हात आणि बूट लागून रंग गेलेला असतो.

वाफेच्या शेवटच्या वर्षांत शेडमध्ये माणसं कमी होती. अख्खं इंजिन पुसायला वेळ नसे, पण नंबर वाचता आला पाहिजे म्हणून कॅबवर तेलाच्या चिंधीने नंबरापुरता चौकोन पुसलेला असे. हा चौकोन करायला मळाचा शेवटचा फवारा ओला असतानाच कापसाच्या काडीवर किंचित थिनर घेऊन आकड्यांभोवती हलकं फिरवा. कडा वेड्यावाकड्या राहू द्या. मळलेल्या काळ्या इंजिनावर तो एक तेलकट, उजळ चौकोन आकड्यांसकट आला की फोटोतलं इंजिन आणि टेबलावरचं इंजिन यात फरक राहत नाही.

पूड वार्निशखाली गाडू नका. मॅट वार्निशचा पूर्ण थर दिला तर राखेच्या पुडीचा निम्मा रंग नाहीसा होतो. त्यापेक्षा पूड लावून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब शेजारी टेकवा, तो पुडीत पसरतो आणि उडाल्यावर पूड बसून राहते. हात लागणाऱ्या जागांवर, म्हणजे बॉयलरच्या पोटावर आणि टेंडरच्या कडांवर, पूड वापरूच नका. तिथे रंगच हवा.

टेंडरमधल्या प्लास्टिकच्या कोळशावर फक्त रंग मारून भागत नाही. वर खरा कोळसा घाला, पण दगडी, लोणारी नाही. लोणारी कोळसा फोडला की मखमलीसारखा मॅट दिसतो, दगडी कोळशाच्या तुटलेल्या बाजू चमकतात आणि इंजिनात तोच जळत असे. जुन्या कापडात गुंडाळून हातोडीने फोडा आणि चहाच्या गाळणीने चाळा. वर उरलेले २ ते ४ मिमीचे तुकडे टेंडरसाठी, खाली पडलेली पूड तक्त्यावर आणि कोपऱ्यांत. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि लिक्विड सोपचा थेंब ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर पाणी कोळशावर मण्यांसारखं गोळा होतं आणि फेविकॉल आत उतरत नाही. टेंडर काठोकाठ भरू नका. बीआर१जीमध्ये सात टन मावत, पण पुढच्या बाजूचा कोळसा आधी संपतो, त्यामुळे पुढे उतार आणि मागे ढीग असा भरा. पाणी भरायच्या झाकणाभोवती मात्र कोळशाची धूळ नको, तिथे सांडलेल्या पाण्याने पत्रा धुतला जातो. त्याऐवजी झाकणापासून मागच्या बाजूला दोन-तीन उभे ओघळ काढा आणि वर एक्स-२२ चा पातळ हात फिरवा.